इंजिन टिकतं म्हणजे नेमकं काय टिकतं?

वाशीम जिल्ह्यातल्या आडमार्गाच्या गावांना दवाखाना, आठवडी बाजार आणि तालुक्याची कचेरी जवळची वाटू लागली, ती बऱ्याच अंशी डिझेलच्या जीपगाड्यांमुळे. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड आणि वाशीम या सहाही तालुक्यांत काळी-पिवळी जीप, कमांडर, ट्रॅक्स आणि पुढे क्रूझर यांच्या भरवशावर एक पिढी वाढली. आज समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि गावोगावी नव्या गाड्या दिसतात. तरी जुनी ट्रॅक्स बाळगून असलेला आणि चांगला भाव आला तरी ती न विकणारा माणूस इथे सहज भेटतो. त्याचा जीव पत्र्यात किंवा सीटमध्ये अडकलेला नसतो. तो बॉनेट उघडून इंजिन दाखवतो.

त्या इंजिनाचं कूळ मोठं आहे. मर्सिडीज-बेंझने १९७३ साली २४० डी ही मोटार आणली. तिच्यातलं ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं डिझेल इंजिन अवघ्या ६५ अश्वशक्तीचं होतं. वेगाची हौस असणाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, टॅक्सीवाल्यांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. नवलमल फिरोदिया यांच्या बजाज टेम्पोने जर्मन कंपनीशी करार करून १९८०च्या दशकात हेच इंजिन पुण्यात बनवायला घेतलं आणि ट्रॅव्हलर, ट्रॅक्स या गाड्यांत बसवलं. ही कंपनी आता फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते.

या इंजिनावरच्या प्रेमाला आधार किती आणि भाबडेपणा किती, हे तपासण्यासाठी दोन भूमिका समोरासमोर ठेवतो. मामांची उमेदीची वर्षं कारंजा-मानोरा भागात प्रवासी गाडी चालवण्यात गेली. आता त्यांची ट्रॅक्स घरच्या आणि शेतीच्या कामाला आहे. भाची यंत्र अभियंता आहे आणि पुण्यात इंजिनाच्या धुराच्या चाचण्या करते. दोघंही मी रचलेली पात्रं आहेत. त्यांचे मुद्दे मात्र रोजच्या बोलण्यातले आहेत.

भाची : मामा, तुमची गाडी अजून पहिल्या सेल्फला उठते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण इंजिन कधी बिघडलंच नाही, असं तुम्ही चारचौघांत सांगता, ते मला पटत नाही. हेड किती वेळा उतरवलं? रिंगा किती वेळा बदलल्या?

मामा : उतरवलं ना. हेड गॅसकिट गेलं, रिंगा गेल्या, एकदा तं अख्खं इंजिन खोललं अन् लायनर-पिस्टन नवे टाकले. पन म्या कवा म्हनलं का ते बिघडत नाई? म्या म्हनतो, ते आपल्याले सोडून जात नाई. कारंज्यात खोललं, कारंज्यातच बसवलं, अन् पुन्हा रस्त्याले लागलं.

भाची : मग त्याला टिकाऊ कशाला म्हणायचं? ग्रीसमधल्या ग्रिगोरिओस साखिनीदिस या टॅक्सीवाल्याचं उदाहरण तुमच्यासारखे शौकीन नेहमी देतात. त्याची १९७६ सालची २४० डी ४६ लाख किलोमीटर धावली आणि २००४ साली कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. पण एवढं अंतर त्याने एकाच इंजिनावर कापलेलं नाही. इंजिन काढायचं, दुसरं चढवायचं, काढलेलं दुरुस्त करून ठेवायचं, असं त्याचं चालायचं. त्या विक्रमात इंजिनाएवढाच वाटा पान्याचा आहे.

मामा : मंग पान्याले कमी काहून लेखतं? तो मानूस परत परत तेच इंजिन चढवत रायला. त्याले दुसरं घेता आलं नसतं का? त्याले मालूम होतं, याच्यातला प्रत्येक नट आपल्या हाताखालून गेला हाये. आमच्या कारंज्यावरून शकुंतला रेल्वे जायची, मूर्तिजापूर-यवतमाळ. तिले ओढनारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरले बनलं अन् १९९४ पावतर चाललं. सत्तर वर्सं! न बिघडता थोडीच चाललं असन? सांभाळनारे होते, म्हनून चाललं.

भाची : आणि चालू स्थितीत असतानाच ते काढून रेल्वेने डिझेल इंजिन लावलं, हेही सांगा. नुसतं टिकणं पुरत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट नजरेआड होते. तुमच्याबरोबर घेतलेल्या किती ट्रॅक्स आणि कमांडर भंगारात गेल्या? त्या आज कुणाला दिसत नाहीत. ज्या उरल्या त्या दिसतात आणि त्यांच्याकडे पाहून आपण म्हणतो, जुनं ते सोनं. दुर्लक्ष झालेलं जुनं इंजिनही मरतंच.

मामा : मरते. ऑइल वेळेवर नाई बदललं, पानी कमी झालं तरी रेटत नेलं, तं कोनतंबी इंजिन मरते. पन हे इंजिन सांगून मरते. आधी आवाज बदलते, मंग धूर बदलते, मंग ओढ कमी होते. ज्याले कान हायेत त्याले महिनाभर आधी समजते.

भाची : हे मात्र मी मान्य करते आणि त्यामागचं कारणही सांगते. २.४ लिटरमधून ६५ अश्वशक्ती म्हणजे इंजिनाकडून फार थोडं मागितलंय. आजचं दीड लिटरचं डिझेल इंजिन सहज १०० अश्वशक्ती देतं. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेडही लोखंडाचं. कॅमशाफ्ट फिरवायला रबरी पट्टा नाही, दुहेरी कड्यांची साखळी आहे. आणि डिझेल थेट पिस्टनवर पेटत नाही. हेडमध्ये एक छोटी कोठडी असते, तिथे ते आधी पेटतं आणि मग जाळ खाली उतरतो. चुलीत आधी चिपाड पेटवून मग लाकूड धरवावं, तसं. त्यामुळे पिस्टनवर बसणारा दणका सौम्य होतो. नोझल साधारण सव्वाशे बार दाबाला उघडतो. आजच्या कॉमन रेल इंजिनात हा दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो.

मामा : पाय बरं, माह्यापेक्षा तुलेच जास्त गुन सांगता येतात!

भाची : त्याची किंमतही सांगते. त्या कोठडीच्या भिंतींतून उष्णता वाया जाते. तेवढ्याच कामाला तुमचं इंजिन थेट इंजेक्शनच्या इंजिनापेक्षा जास्त डिझेल पितं. तुम्ही आयुष्यभर टिकाऊपणाचा हप्ता डिझेलच्या पंपावर भरत आलात.

मामा : भरला. पन तो हप्ता गाडी चालली त्या दिवशीच भरला. ब्यांकेचा हप्ता गाडी उभी असली तरी येते. सोयाबीनचा भाव पडला का गावातल्या नव्या गाड्या कशा जातात, ते म्या पायलं हाये. अन् एक गोष्ट तू विसरली. माह्यं इंजिन एकदा सुरू झालं का त्याले बॅटरीची गरज नाई. सेल्फ गेला तं उतारावर ढकला. डिझेल संपून लायनीत हवा भरली तं फीड पंपाचा हातपंप मारा, पाइपाचा नट सैल करा, बुडबुडे निघून जाऊ द्या अन् साफ डिझेल आलं का आवळा. रात्री रस्त्यात बाळंतीन बाई गाडीत असन, तवा याची किंमत समजते.

भाची : बरं, एक उदाहरण घेऊ. गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे चारपैकी एक सिलिंडर काम करत नाही. तुम्ही काय करता?

मामा : सतराचा पाना घेतो. इंजिन चालूच ठेवतो. पयल्या नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल करतो. डिझेल बाहेर झिरपते अन् इंजिन अडखळते. म्हनजे तो सिलिंडर चांगला होता. नट आवळतो, दुसऱ्याले हात घालतो. तोबी अडखळला. तिसरा सैल केला अन् आवाजात काईच फरक पडला नाई, तं चोर तिथं हाये. मंग तो नोझल काढून टेस्टरवर लावतो. हातानं दांडी दाबायची. चांगला नोझल बारीक फवारा मारते अन् टचकन बंद होते. खराब झालेला धार मारते, तोंडाशी थेंब लोंबते. नाशिकले बनलेला मायकोचा नोझल डब्बीतून काढला, बसवला, का गाडी निंघाली.

भाची : आता माझी पद्धत ऐका. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर जोडला की, तिसरा सिलिंडर कमी पडतोय हे एकही नट न उघडता पडद्यावर दिसतं. हात भाजत नाही, डिझेल सांडत नाही, अंदाज बांधावा लागत नाही.

मामा : चांगलं हाये. मंग पुढं?

भाची : पुढे इंजेक्टर बदलायचा. त्याच्या डोक्यावर एक कोड छापलेला असतो. प्रत्येक इंजेक्टर डिझेल सोडताना केसभर वेगळा वागतो, ते त्या कोडमध्ये लिहिलेलं असतं. नवा बसवला की तो कोड गाडीच्या संगणकात भरावा लागतो.

मामा : अन् तो भरनारं यंत्र?

भाची : कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असतं. बाहेरच्या काही मेकॅनिकांकडेही आता असतं.

मामा : मानोऱ्यात हाये का?

भाची : प्रत्येक तालुक्यात नाही.

मामा : मंग दुखनं समजलं, पन औषध अकोल्याले. माह्यं सारं म्हननं एवढंच हाये.

भाची : थांबा मामा, तुमचं म्हणणं एवढंच असतं तर मी वाद घातला नसता. मी धुरावर काम करते, त्यामुळे मला दुसरी बाजू रोज दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. त्याच गटात तंबाखूचा धूर आहे. तुमच्या काळी-पिवळीच्या थांब्यावर गाडी भरेपर्यंत इंजिन चालूच असायचं आणि मागच्या दारातून चढणाऱ्या बाया-पोरांच्या तोंडाशी सायलेन्सर असायचा. ज्यांची सोय म्हणून आपण या इंजिनाचे गोडवे गातो, त्यांच्याच छातीत त्याचा धूर गेला.

मामा : काळा धूर इंजिनाचा नसते, मालकाचा असते. जास्त मानसं कोंबता यावीत म्हनून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात. सोयाबीनच्या हंगामात एअर फिल्टर भुशानं गच्च होते, ते कोनी साफ करत नाई. पंप बरोबर सेट असन, नोझल चांगले असन, फिल्टर साफ असन, तं माह्या गाडीचा धूर दिसत नाई.

भाची : दिसत नाही, हे खरं. जुन्या डिझेल गाड्यांसाठी पीयूसीची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे, बीएस-४ गाड्यांसाठी ५०. नीट राखलेली ट्रॅक्स त्या चाचणीत उतरेल. पण ती चाचणी डोळ्यांना दिसणाऱ्या काजळीची आहे. फुप्फुसात खोल जाणारे कण त्याहून बारीक असतात. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक बीएस-४च्या ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत ते कण अडवणारी जाळी बसली. तुमच्या इंजिनाला ती जाळी नाही. कितीही निगा राखली तरी हा फरक पान्याने भरून निघत नाही.

मामा : हाव. हे म्या मानतो. पन तुह्या जाळीचंबी ऐक. गावात एकानं नवी गाडी घेतली. दर दोन किलोमीटरले मानूस उतरते, मानूस चढते. जाळी चोंदली, दिवा लागला अन् गाडीनं आपला जोर आपनच कमी केला. भरल्या गाडीनं घाट कसा चढावा?

भाची : जाळीत साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंशांचं तापमान लागतं. लांब पल्ल्यावर सलग चाललेल्या गाडीत ते आपोआप होतं, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत होत नाही. मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून सलग गाडी चालवली तर अडचण येत नाही. पण हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. शेतातल्या टाकीतलं, कॅनमधलं डिझेल वापरू नका, हेही सांगायला हवं. तुमचा पंप त्यातलं थोडं पाणी-कचरा पचवतो. कॉमन रेल इंजेक्टरमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. त्यात एवढंसं पाणी गेलं तरी तो संपला.

मामा : म्हनजे नवं इंजिन वाईट नाई, पन ते आमच्या रस्त्यासाठी बनलं नाई.

भाची : शहराच्या सवयी गृहीत धरून ते बनलं, असं मी म्हणेन. पण म्हणून जुन्याकडे परतणं हा मार्ग नाही. आणि इंजिन चांगलं म्हणून अख्खी गाडी चांगली, असंही नाही. तुमच्या ट्रॅक्सला एअरबॅग नाही, एबीएस नाही. मागच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्यांना पट्टे नाहीत. इंजिन पन्नास वर्षं चालेल, पण धडकेत माणूस वाचवणं त्याच्या हातात नाही.

मामा : म्हनूनच म्या आता तिच्यात सवारी नाई भरत. ते काम नव्या गाडीनं करावं. पन घरी ठेवायलेबी सरकार सोपं ठेवत नाई. १५ वर्सं झालेल्या खाजगी मोटारीची पुन्हा नोंदनी करायचे आधी ६०० रुपये लागत. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. वर पर्यावरण कर. महिन्यातून चार वेळा निंघनारी गाडी अन् रोज धावनारी गाडी, दोघींले एकच माप.

भाची : तुमची तक्रार रास्त आहे. दिल्लीत दहा वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये बंदी घातली, कारण तिथली हवाच तशी आहे. वाशीमला तेच माप लावायची गरज नाही. गाडीचं वय बघण्यापेक्षा ती किती धावते आणि काय सोडते, हे मोजावं. पण मग तुम्हीही खरी तपासणी स्वीकारायला हवी. न तपासता मिळालेलं पीयूसी चालणार नाही.

मामा : कबूल. माह्या गाडीची तपासनी कवाबी करा.

भाची : आता मला वाटतं, आपण दोघं वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देत होतो. तुम्हाला प्रेम आहे ते जुन्या डिझेलच्या धुरावर नाही, आवाजावरही नाही.

मामा : आवाजावर थोडं हाये.

भाची : असू दे. पण मुख्य प्रेम आहे ते यावर की, या यंत्राची मालकी खरोखर तुमची होती. पैसे देऊन घेतलं आणि ते उघडायचा, समजून घ्यायचा, दुरुस्त करायचा हक्कही तुमच्याकडे आला. तो हक्क नव्या गाडीत का मिळू नये? ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या मेकॅनिकांना खुली करत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण तत्त्व स्पष्ट झालं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारी आहेत, शेतीची यंत्रंही आहेत.

मामा : पोर्टलनं मानोऱ्यातल्या मिस्तरीच्या हाती यंत्र आलं का?

भाची : अजून पुरेसं नाही. म्हणून तर तुमच्यासारख्यांनी ते मागायला हवं. उद्या विजेच्या गाड्या येणार. विजेच्या मोटारीत पिस्टन नाही, नोझल नाही, गॅसकिट नाही. फिरणारा मुख्य भाग एकच. साधेपणा हाच तुमचा निकष असेल, तर ती तुमच्या ओएम ६१६च्या पुढे आहे.

मामा : अन् बॅटरीचा डबा? कंट्रोलर? तो कोन खोलनार?

भाची : आज तो बंद आहे. तो उघडता यावा, त्याचे भाग बाजारात मिळावेत आणि आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' शिकणाऱ्या पोराला तोही शिकायला मिळावा, ही मागणी आत्ताच करायला हवी. एकदा कुलूप लागलं की मग किल्ली मागणं कठीण जातं.

मामा : तसं झालं तं म्या पयली गाडी घेईन. पन ट्रॅक्स विकनार नाई.

भाची : विकू नका. पंप मात्र दरवर्षी टेस्ट बेंचवर लावा.

इथे दोघांचा वाद थांबत असला तरी मिटत नाही आणि तो मिटवण्याची घाई मलाही नाही. भाचीचं विज्ञान खरं आहे. जुन्या डिझेल इंजिनाने रोज माणसं वाहण्याचा काळ संपला आहे आणि तो संपायलाच हवा. गरिबाच्या सोयीचं मोल गरिबाच्या फुप्फुसाने चुकवणं हा न्याय नव्हे. पण मामांचं प्रेम म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट, असं म्हणून जे ते झटकून टाकतात, त्यांना त्यातला नेमका धडा दिसत नाही. ओएम ६१६ टिकलं, कारण त्याच्याकडून बेताचं काम मागितलं गेलं, त्याचं दुखणं कानाला कळायचं आणि त्यावरचा इलाज तालुक्याच्या गावी सापडायचा. यातल्या एकाही गुणाला धुराची गरज नाही. हे तिन्ही गुण स्वच्छ इंजिनात आणि विजेच्या मोटारीतही घालता येतील. बनवणाऱ्याने तसं ठरवायला हवं आणि सरकारने त्याला तसं बांधून घ्यायला हवं.

आपल्याकडे नव्या गाडीची जाहिरात मायलेज सांगते, ताकद सांगते, पडद्याची लांबी-रुंदी सांगते. ही गाडी मानोऱ्यात बंद पडली तर ती किती दूर न्यावी लागेल, हे कुणी सांगत नाही. वाशीमच्या गिऱ्हाइकाने विकत घेण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.